आठवीपासून प्रवेश परीक्षांची तयारी: 'लवकर' म्हणजे नेमके केव्हा, आणि कशाची?

मृगधारा (इंदिरानगर)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत, सेमी इंग्रजी माध्यमात शिकते. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत एका खासगी क्लासने गणित आणि विज्ञानाची चाळणी परीक्षा घेतली आणि आठच दिवसांत आम्हाला फोन आला की तिला चाळीस टक्के 'शिष्यवृत्ती' मिळाली आहे. आम्ही दोघे आनंदाने चौकशीला गेलो, तेव्हा लक्षात आले की ही शिष्यवृत्ती म्हणजे फीमधली सूट आहे आणि ती सूट धरूनही दहावीपर्यंतच्या 'फाउंडेशन'ची, म्हणजे प्रवेश परीक्षांच्या आगाऊ तयारीच्या वर्गाची, एकूण फी आमच्या घराच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा जास्त होते. मिस्टर अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतात, मी घरी शिवणकाम करते. रक्कम उभी करता येणारच नाही असे नाही, पण ती कुठून तरी काढावी लागेल.

खरे सांगायचे तर फीपेक्षा मला तिथले एक वाक्य जास्त बोचले. समुपदेशक म्हणाले, "आज जो फाउंडेशनला बसला नाही, तो अकरावीत मागे पडलाच म्हणून समजा." त्यांच्या अर्जात 'वैद्यकीय' आणि 'अभियांत्रिकी' असे दोनच चौकोन होते. मुलीला विचारले तर ती म्हणाली, "मला नकाशे काढायला आवडतात, त्याचा चौकोन कुठे आहे?"

या विषयातल्या जाणत्यांना माझा प्रश्न सरळ आहे. आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांत प्रवेश परीक्षांसाठी खरोखर काय करण्यासारखे असते, आणि त्यासाठी क्लासच लागतो का?

तिरकस

नकाशांचा चौकोन अर्जात नसतो, कारण त्याची फी ठरलेली नाही. बाकी जाणकारांनी बोलावे.

जुना_फळा (नाशिकरोड)

मृगधाराताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाला 'क्लास लावा' किंवा 'लावू नका' असे एका ओळीचे उत्तर देणारा माणूस पालकांना पुढे फसवतोच, मग तो क्लासचा असो वा क्लासविरोधी.

अकरावीच्या वर्गात पहिल्या चाचणीनंतर मी नापास मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसत असे. दहापैकी सात-आठ जणांचे भौतिकशास्त्र चुकलेलेच नसे. सूत्र बरोबर लिहिलेले असायचे, किमती बरोबर घातलेल्या असायच्या, आणि त्यानंतर अपूर्णांकांची बेरीज, घातांकांचे नियम किंवा समीकरणातली एखादी राशी एका बाजूला घेणे यांपैकी काहीतरी चुकायचे. म्हणजे मूल अकरावीत पडत होते, पण ठेच लागलेली असायची सातवी-आठवीत. ही ठेच अकरावीचे धडे नववीत शिकवून बरी होत नाही, उलट ती झाकली जाते. मुलाला 'मी हे आधी केले आहे' असे वाटते आणि ते दुसऱ्यांदा नीट ऐकतही नाही.

म्हणून लवकर तयारी म्हणजे आठवी ते दहावीचेच गणित आणि विज्ञान इतके पक्के करणे, की पुढे त्यासाठी थांबावे लागू नये. राज्य मंडळाच्या नववीतले गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, दहावीतले गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, कार्बनी संयुगे हे सगळे अकरावी-बारावीत पुन्हा भेटते, फक्त तिथे त्याला गणिताची धार येते. दहावीची वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती यांच्यावर तर पुढच्या गणिताचा निम्मा डोलारा उभा असतो. बरेच विद्यार्थी दहावीत भूमितीच्या सिद्धता पाठ करून गुण मिळवतात आणि अकरावीत त्याच मुलांना साध्या त्रिकोणात कोन दिसत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहा. तिन्ही परीक्षांचा वेग वेगळा आहे, आणि तो कळल्याशिवाय तयारीची दिशा ठरत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या जेईई मेनला १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे जवळपास अडीच मिनिटे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीत गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि प्रत्येकी दोन गुण, तर भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्न दुसऱ्या ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे तिथे प्रश्नाला मिनिटही पुरते मिळत नाही. नीट आणि जेईईत चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, सीईटीत वजा होत नाही. यांपैकी एकाही परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. हा वेग अकरावीत कुणी शिकवत नाही. पाढे, वर्ग, घन, अपूर्णांक आणि अंदाज बांधण्याची सवय ही आठवी-नववीतच हाताला लागते, आणि तिला फी नसते.

आणखी एक गोष्ट नाशिकच्या पालकांना फार उशिरा कळते. जेईई आणि नीट यांचा पाया एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणारी, पुस्तके आहेत, तर सीईटी आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, आणि या दोन पुस्तकांत धड्यांचा क्रमच निराळा आहे. एनसीईआरटीत परिवलन गती, द्रायूंचे गुणधर्म, उष्मागतिकी आणि दोलने अकरावीत येतात, आपल्याकडे ती बारावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवातीची प्रकरणे आहेत. उलट स्थिरविद्युत, धाराविद्युत, प्रकाशशास्त्र, अर्धवाहक यांची ओळख आपल्या अकरावीत होते आणि एनसीईआरटीत ती बारावीत असते. जो मुलगा महाविद्यालयात एका क्रमाने आणि क्लासमध्ये दुसऱ्या क्रमाने शिकतो, त्याची दोन वर्षे एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून चालण्यासारखी जातात. दोष मुलाचा नसतो. त्याला हा फरक कोणी तक्ता करून दाखवलेला नसतो, एवढेच.

मुलीची पारख करायची असेल तर चाळणी परीक्षा नको. तिला एक गणित द्या: १/क = १/ख + १/ग, यातून क ची किंमत ख आणि ग मध्ये काढ. अकरावीत समांतर जोडलेल्या रोधांना हेच लागते, पण सोडवायला आठवीचे गणित पुरते. काय उत्तर आले ते इथे कळवा. चूक असेल तर जास्त उपयोगी.

द्राक्षबाग (निफाड तालुका)

सर, तुमचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. तो दहावीत आहे, पूर्ण मराठी माध्यम. आमची अडचण मृगधाराताईंपेक्षा वेगळी आहे. शहरात पालकांना क्लास निवडायचा असतो, आम्हाला एसटी. अकरावीला नाशिकला पाठवले तर एक तर रोज जाऊन-येऊन तीन तास जातात, नाही तर खोली घ्यावी लागते, आणि द्राक्षाचे पैसे हाती येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, तेही गारपीट झाली नाही तर. क्लासवाले मात्र पहिला हप्ता डिसेंबरातच मागतात, कारण तेव्हा 'लवकर नोंदणीची सवलत' असते.

दुसरी अडचण भाषेची. त्याला संवेग, त्वरण, जडत्व हे शब्द स्वच्छ समजतात. अकरावीत हेच इंग्रजीत आले की तो गप्प बसेल, ही मला भीती आहे. प्रवेश परीक्षा मराठीतून देता येतात असे ऐकले. ते कितपत खरे आणि कितपत शहाणपणाचे आहे?

जुना_फळा

खरे आहे. नीट मराठीतून देता येते, आणि मराठी निवडली तरी प्रश्नपुस्तिकेत इंग्रजीही शेजारी छापलेली असते. जेईई मेनही २०२१पासून मराठीत उपलब्ध आहे. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून मिळते, गणित मात्र इंग्रजीतच असते.

शहाणपणाचे म्हणाल तर माझे मत असे आहे की भाषा परीक्षेच्या दिवशी निवडायची गोष्ट नाही. विज्ञानाची अकरावी-बारावी जवळपास सगळीकडे इंग्रजीत चालते, सरावाचे प्रश्न इंग्रजीत मिळतात आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. मुलाला आत्तापासून एक साधी वही घालून द्या. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा, खाली तिची एका वाक्यात व्याख्या दोन्ही भाषांत. रोज पाच. दहावीच्या परीक्षेपर्यंत चारपाचशे शब्द सहज होतात. मराठीत संकल्पना पक्की असलेल्या मुलाला इंग्रजी शब्द शिकायला दोन महिने लागतात. इंग्रजी शब्द पाठ असलेल्या पण संकल्पना कच्ची असलेल्या मुलाला दोन वर्षेही पुरत नाहीत. मी दोन्ही प्रकारची मुले पाहिली आहेत.

आणि भाऊ, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कॅलेंडरमध्ये आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल, अर्ज, फेऱ्या यांत अकरावीचा वर्ग खऱ्या अर्थाने भरेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. हे चार-पाच महिने बहुतेक मुले मामाच्या गावी आणि मोबाइलवर घालवतात. आधी पंधरा दिवस त्यालाही खुशाल जाऊ द्या, तो दमलेला असतो. पण उरलेल्या काळात सदिश, आलेख वाचणे, लघुगणक, त्रिकोणमितीची सूत्रे, विकलनाची तोंडओळख आणि रसायनातील मोल संकल्पना एवढेच केले, तरी अकरावीचे पहिले सत्र सोपे जाते. माझ्या मते आठवीतल्या फाउंडेशनपेक्षा हे चार महिने मोलाचे आहेत.

काटकोन (गंगापूर रोड)

सरांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. माझ्या मुलाने नववीपासून तयारी केली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डचा विचार असेल तर अकरावी-बारावीची दोन वर्षे अपुरी पडतात, हे मी अनुभवाने सांगतो. जेईई मेनमधून साधारण अडीच लाख विद्यार्थी ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि तिथले प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. एका प्रश्नात तीन प्रकरणे गुंफलेली असतात. असा प्रश्न समोर आल्यावर वीस मिनिटे न सुटता त्याच्याशी बसून राहण्याची सवय सतराव्या वर्षी अचानक लागत नाही.

मात्र आम्ही फाउंडेशन बॅच लावली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्याने नववीत आणि दहावीत गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, म्हणजे आयओक्यूएम, दिली. तीन तास, तीस प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर पूर्णांकात द्यायचे. पहिल्या वर्षी त्याचे जेमतेम पाच प्रश्न सुटले. घरात कोणी काही बोलले नाही, कारण आमच्यापैकी कोणालाच त्यातला एकही सुटला नव्हता. पुढे तो ऑलिंपियाडमध्ये फार वर गेला नाही, पण संख्याशास्त्र नव्हे, संख्यांचा सिद्धान्त आणि संयोजन या विषयांची भीती कायमची गेली. विज्ञानासाठी सहावी आणि नववीला होणारी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षाही चांगली आहे, कारण तिच्या पुढच्या टप्प्यांत प्रयोग आणि कृती प्रकल्प असतो. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा चालू असती तर तीही सुचवली असती, पण ती २०२१नंतर झालेली नाही. काही क्लासच्या पत्रकांवर अजून तिचे नाव छापलेले दिसते, यावरून काय ते समजावे.

म्हणून माझे म्हणणे असे की ज्या मुलाला गणिताची ओढ आहे, त्याला नववीपासून अवघड प्रश्न जरूर द्यावेत. ज्याला ओढ नाही, त्याला ते दिले तर तो गणिताचाच तिटकारा करील.

जुना_फळा

काटकोन, यात विरोध कुठे आहे? तुम्ही त्याला अवघड प्रश्न दिलेत, पुढचा अभ्यासक्रम नाही.

काटकोन

मान्य. पण 'लवकर सुरुवात नको' असा अर्थ वाचणाऱ्याने काढू नये म्हणून लिहिले.

पांढरा_कोट

मी सध्या एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची सिडकोची. मी आठवीपासून फाउंडेशन केले होते, त्यामुळे दुसरी बाजू सांगू शकते.

आठवी ते दहावी तीन वर्षे शाळा संपल्यावर सव्वापाच ते साडेआठ क्लास होता. नववीत मला पेशीविभाजनाचे टप्पे तोंडपाठ होते आणि दहावीत मानवी हृदयाचे सगळे कप्पे. अकरावीत जेव्हा ते खरोखर सखोल शिकायचे होते, तेव्हा मला त्याचा कंटाळा आला होता. माझ्या बाकावर बसणारी मुलगी पेठ तालुक्यातून आली होती, तिने हे सगळे पहिल्यांदाच ऐकले आणि ती प्रश्न विचारत राहिली. पहिल्या प्रयत्नात तिला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळाले. मी एक वर्ष ड्रॉप घेतला, तेव्हा कुठे जमले. ड्रॉपच्या वर्षी मी एकच गोष्ट वेगळी केली: एनसीईआरटीचे जीवशास्त्र ओळ न ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट वाचले. नीटमध्ये १८०पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. ते पाऊण तासात उरकले तरच भौतिकशास्त्राला श्वास मिळतो, आणि ते उरकतात वाचनाच्या वेगावर.

त्यामुळे ताई, तुमची मुलगी गोष्टींची पुस्तके वाचत असेल तर ती काढून घेऊ नका. आठवीत माझी पुस्तके 'आता अभ्यास कर' म्हणून माळ्यावर गेली होती. सलग दहा पाने लक्ष न ढळता वाचणे ही गोष्ट मला एकोणिसाव्या वर्षी नव्याने शिकावी लागली.

झोपेबद्दलही लिहायला हवे. दहावीत मी साडेपाच-सहा तास झोपत असे आणि त्याचा घरात अभिमान होता. नीट दुपारी दोन ते पाच या वेळेत होते. मला तीन वर्षे दुपारी डुलक्या येत होत्या.

दाखला (पंचवटी)

मी सेतू केंद्रात काम करतो. अभ्यासाबद्दल मला सांगता येणार नाही, पण जून-जुलैमध्ये रडवेले पालक आमच्या दारात उभे असतात. त्यांच्यासाठी लिहितो, कारण मुलाला गुण मिळूनही कागदाअभावी जागा जाते आणि ही तयारी मात्र आठवीपासून करता येते.

आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा, जात किंवा वास्तव्य दाखवणारा पुरावा. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत, कोतवाल बुकात किंवा जुन्या महसुली कागदात सापडतो, आणि तो शोधायला गावी दोन-चार खेपा होतातच. बारावीच्या ऐन परीक्षेत बापाने मूळ गावच्या शाळेत रजिस्टर चाळत बसण्यापेक्षा हे काम आत्ताच्या दिवाळीच्या सुट्टीत करावे. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत महाविद्यालयामार्फत करता येतो. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मात्र मुदतीचा असतो, तो फार आधी काढून ठेवू नये. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांतील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच पाहावे. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्याआधी शाळेतली दुरुस्ती सोपी असते, नंतर ती महागात पडते.

बाहेरच्या राज्यात अकरावी-बारावी करायला पाठवणाऱ्यांनी एक नियम लक्षात घ्यावा. आपल्या राज्यातील वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्येही (एनआयटी) स्वतःच्या राज्याचा कोटा बारावी कुठून झाली यावर ठरतो. क्लाससाठी परराज्यात गेलेल्या आणि तिथल्याच 'डमी', म्हणजे नावापुरत्या, शाळेतून बारावी केलेल्या मुलाचे पालक हे ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही.

मृगधाराताई, मुलीबद्दल एक दिलासा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४मध्ये झाला आहे. त्यामुळे 'आत्ता फाउंडेशनला खर्च केला नाही तर पुढे डोनेशन भरावे लागेल' असे कुणी घाबरवले तर घाबरू नका. आणि द्राक्षबाग भाऊ, इतर मागास, विमुक्त-भटके किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असाल तर दहावीनंतर राज्य सरकारच्या 'महाज्योती' या संस्थेकडे नाव नोंदवा. अकरावी विज्ञानाच्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो, रोजच्या एसटीचा प्रश्नही निम्मा सुटतो. ज्यांची मुले अनुदानित किंवा सरकारी शाळेत आहेत आणि उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांनी आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा सोडू नये. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

रात्रपाळी

मी शहरातल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे नाव देत नाही. जुना_फळा सरांचे अभ्यासाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. मी आतली व्यवस्था सांगतो, म्हणजे पालकांना प्रश्न विचारता येतील.

फाउंडेशनची बॅच हा क्लासच्या दृष्टीने अकरावीच्या प्रवेशांचा आगाऊ बंदोबस्त असतो. आठवीत आलेले मूल बारावीपर्यंत हलत नाही, कारण तोवर त्याचे मित्र, त्याची सवय आणि पालकांचे पैसे तिथेच अडकलेले असतात. फलकावर ज्या शिक्षकांचे फोटो असतात ते बारावीला आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्या रिपीटर मुलांना शिकवतात. आठवी-नववीला बहुधा नव्याने लागलेले, उत्साही पण अननुभवी तरुण असतात. मीही तिथूनच सुरुवात केली. मला तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला मोल संकल्पना कशी सांगायची हे कळत नव्हते, म्हणून मी सूत्र देऊन मोकळा होत असे. आज त्याची लाज वाटते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत सोळा वर्षांखालील किंवा माध्यमिक परीक्षा न झालेल्या मुलांना प्रवेश देऊ नये, रँकची हमी देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नसावेत, आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. या सूचना आहेत, त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, म्हणून फलक अजून झळकतात. तरीही फीपरताव्याची अट लेखी मागा. मागितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, तेवढे ऐकले तरी निर्णय करायला मदत होते.

अकरावी-बारावीच्या 'इंटिग्रेटेड'बद्दलही सावध राहा. कागदावर महाविद्यालय आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लास, अशा व्यवस्थेत प्रात्यक्षिके बुडतात. बारावीला विज्ञानाच्या विषयांत १००पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. गुण तर कसेबसे मिळून जातात, पण टायट्रेशन न केलेल्या मुलाला द्रावणाच्या तीव्रतेचे गणित कायम कोरडे वाटते. शिवाय बारावीचे गुण कामाचे नसतात हा समज चुकीचा आहे. आयआयटी आणि एनआयटीसाठी खुल्या प्रवर्गात बारावीला ७५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे लागते.

सराव परीक्षांसाठी लगेच पैसे मोजू नका. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचे 'साथी' हे संकेतस्थळ मोफत आहे. आधी ते दोन महिने वापरून पाहा.

तिरकस

इतके स्पष्ट लिहिल्याबद्दल रात्रपाळी सरांचे आभार. उद्या वर्गावर जाताना जपून जा.

मृगधारा

सर्वांचे प्रतिसाद मिस्टरांनी आणि मी दोनदा वाचले. आम्ही फाउंडेशनला नकार कळवला. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवशी सवलत चाळीसवरून साठ टक्क्यांवर गेली. फीपरताव्याची अट लेखी मागितल्यावर फोन 'वरिष्ठांशी बोलून सांगतो' म्हणून ठेवला गेला, तो पुन्हा आलेला नाही.

दाखला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे कागद काढून पाहिले. मुलीच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त आहे आणि शाळेच्या दाखल्यावर नाही. सोमवारी तेच काम आहे. सासऱ्यांच्या शाळेची नोंद चांदवड तालुक्यात सापडेल असे ते म्हणतात, दिवाळीत जाऊ.

आणि सर, तुमचे गणित तिला दिले. तिने अर्ध्या मिनिटात उत्तर लिहिले: क = ख + ग.

जुना_फळा

हेच उत्तर मला तीस वर्षे अकरावीत मिळत आले. प्रत्येक अपूर्णांक वेगवेगळा उलटा केला, एवढीच चूक आहे. तुम्ही तिला काय सांगितलेत?

मृगधारा

मला स्वतःला नीट येत नव्हते, त्यामुळे काही सांगता आले नाही. मी फक्त म्हटले, ख ला दोन आणि ग ला तीन धरून बघ. तिने १/२ आणि १/३ ची बेरीज केली, ५/६ आले. मग तिच्या उत्तराप्रमाणे क पाच यायला हवा होता, म्हणजे १/५. दोन्ही एकाखाली एक लिहून ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आई, बेरीज आधी करायची आणि मग उलटायचे." त्यानंतर ख गुणिले ग भागिले ख अधिक ग हे तिने स्वतः लिहिले. यात साधारण चाळीस मिनिटे गेली आणि भाजी करपली.

जुना_फळा

उत्तम. आता तिला विचारा, ख आणि ग दोन्ही धन असतील तर क त्या दोघांपेक्षाही लहानच का येतो. घाई नाही, आठवडा लागला तरी चालेल.

द्राक्षबाग

सर, आमचाही मुलगा या प्रश्नाला बसला आहे. वहीत शब्दांचा आकडा साठवर गेला. कालचा शब्द 'व्यस्त' होता.